माझ्या मागून म्हणा

आमच्या घराला दार नव्हतं, बांबूची ताटी होती. संध्याकाळी ती ओढून लावायची आणि सकाळी उचलून भिंतीला टेकवायची. आत एकच खोली, मागे सांदवाडी म्हणजे परसू, सांदवाडीत पोपटीच्या शेंगांचा वेल, आईची चूल आणि एक बकरी. धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा होता, तोही तलावाच्या उताराला. पाऊस बरा झाला तर घरचे तांदूळ उन्हाळा लागेपर्यंत पुरत, नाही तर थंडीतच मडकं वाजायला लागे. मग आई आणि सुमनताई पहाटे मोहफुलं वेचायला जात, धानाची रोपं रोवण्याच्या दिवसांत लोकांच्या बांधीत कमरेत वाकून राहत, आणि मी शाळेतून आले की चुलीवर पेज चढवत असे. पेज, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि पाट्यावर वाटलेली झिंग्यांची चटणी. आज माझ्या सुनेला त्या चटणीचा वास सहन होत नाही, खिडक्या उघडते बिचारी. मला मात्र तो वास आला की अजून भूक लागते.

घर लहान होतं पण गळत नव्हतं, एवढी आमची श्रीमंती. कारण बाबा कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचं काम करत. पावसाळ्याच्या आधी गावोगावी लोक घरावरचे कवेलू उतरवून, फुटके बाजूला काढून पुन्हा रचून घेत, आणि त्या कामात बाबांचा हात धरणारं आमच्या भागात कोणी नव्हतं. उन्हाने तापलेल्या छपरावर ते अनवाणी बसत आणि खाली उभ्या असलेल्या माझ्याकडून एकेक कवेलू झेलत. वरून त्यांचं बोलणं अखंड चालू असे. या घरची सून कोणत्या गावची, त्या घरच्या म्हाताऱ्याने बांधी कोणाला दिली, सगळं. आई म्हणायची, "याहिच्या तोंडाले कधी सुटी हाये का व?"

पण बाबांची खरी ओळख वेगळीच होती. ते लग्नं लावत. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा बाबा ऐन तारुण्यात होते. चौथीपर्यंत शिकलेले, आवाज खणखणीत. त्रिशरण, पंचशील, मंगल गाथा असं सगळं त्यांनी ऐकून ऐकून पाठ केलं. पांढरं शर्ट-धोतर नीळ घालून धुतलेलं, खांद्यावर पिशवी, आणि सायकलवर मागे बसायला मी. मांडवात उभे राहिले की ते आमचे बाबा वाटत नसत. घरी "काऊन व, मीठ कुठी ठेवलं?" असं बोलणारा माणूस तिथे अगदी पुस्तकातलं बोले. "वधूवरांनी माझ्या मागून म्हणावे. उपस्थितांनीही माझ्या मागून म्हणा." ते एक ओळ म्हणत, थांबत, आणि अख्खा मांडव ती ओळ परत म्हणे. त्यासाठी त्यांनी कोणाकडून कधी काही घेतलं नाही. जेवून येत, आणि आमच्यासाठी रुमालात बांधून बुंदी आणत.

ताई माझ्यापेक्षा मोठी. ती शाळेतून लवकर निघाली, म्हणून मी शिकू शकले. हे मी कुठेही सांगते, लाजत नाही. आमच्या मोहल्ल्यातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मुलगी म्हणून नव्हे, एकूणच पहिली. चंद्रपूरला मुलींच्या वसतिगृहात राहून बी.ए. करत होते. आणि ताईचं एक ठरलेलं होतं, लहानपणापासून. बाबांनी मांडवात दुसऱ्यांच्या पोरींची नावं घेतली की ती माझ्या कानात म्हणायची, "माह्या लग्नात बाबा माहं नाव कसं घेतीन व? हासतीन का रडतीन?"

मी दुसऱ्या वर्षाला होते त्या उन्हाळ्याच्या शेवटी बाबा शेजारच्या गावात एका छपरावरून पडले. आतला बांबू वाळवीने खाल्लेला होता, वरून कळला नाही. डोकं अंगणातल्या दगडावर आपटलं. बैलबंडीतून सडकेपर्यंत आणि तिथून एका जीपमधून त्यांना चंद्रपूरला आणलं. मला निरोप मिळाला तेव्हा मी खानावळीत ताट घेऊन उभी होते. ते तसंच ठेवलं आणि जटपुरा गेटापासून सरकारी दवाखान्यापर्यंत पळत गेले. बाबा कितीतरी दिवस डोळे मिटून होते. उघडले तेव्हा आई, ताई आणि मी तिघी खाटेपाशी होतो. त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं, ओळखलं, तोंड उघडलं आणि म्हणाले, "होते ना."

आम्हाला इतका आनंद झाला! आईने विचारलं, "पानी पायजे?" म्हणाले, "होते ना." "दुखते का गा?" "होते ना." "हे कोन हाये, वळखा बरं." "होते ना, होते ना." मग त्यांच्याही लक्षात आलं की जे म्हणायचं ते निघत नाही आहे. त्यांनी जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या, आणि पुन्हा तेच दोन शब्द. उजवा हातही लुळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, बोलणं येईल हळूहळू. कसं येईल ते कोणी सांगितलं नाही, आणि कोणाला विचारायचं हे आम्हाला कळलं नाही.

घर इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. सांदवाडीत बकरी ओरडली तरी दचकायला व्हायचं. बाबा ओट्यावर बसून राहत, येणारा-जाणारा विचारी, "कसं काय भाऊ?" आणि बाबा म्हणत, "होते ना." होतं आहे, चाललं आहे, असं समजून पहिले काही दिवस लोकांना ते उत्तर अगदी बरोबर वाटलं.

मग पौर्णिमा आली. बाबांचे मित्र धनराजकाका त्यांना हात धरून विहारात घेऊन गेले. मी सुटीवर घरी होते, मागे बायकांत बसले होते. काकांनी वंदना सुरू केली, तिसऱ्या ओळीला अडखळले, आणि त्यांच्या शेजारून पुढची ओळ आली. बाबांची. स्वच्छ, जुन्याच आवाजात, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. काका थांबले, सगळेच थांबले, आणि बाबा एकटे शेवटपर्यंत म्हणत गेले. आईने पदर तोंडात धरला. बाहेर आल्यावर जो तो त्यांच्या पाठीवर हात ठेवी. "बरे झाले! भाऊ बरे झाले!" आणि बाबा सगळ्यांना म्हणत होते, "होते ना."

इथेच आमची चूक झाली. आमची म्हणजे अख्ख्या गावाची. जो माणूस न अडखळता एवढं पाली म्हणतो त्याला घरचं साधं बोलणं येणार नाही, हे कोणाच्या डोक्यात शिरेना. शेजारची कौसल्याबाई आईला म्हणाली, "पाली येते, अन बायकोले भाजी मांगाले तोंड नाई? सोंग हाये व, काम नोको म्हून." आणि ज्यांचं प्रेम होतं त्यांनी तर अजून घात केला. नदीपलीकडच्या गावात लग्न होतं; मुलीचा बाप म्हणाला, माझं लग्न याच भाऊंनी लावलं, माझ्या पोरीचंही तेच लावतील. काका म्हणाले, चला. आम्हीही म्हटलं, जा. बाबांनी नीळ घातलेला शर्ट मागवला, बोटाने खुणावून. त्यांच्या डोळ्यांत जो उजेड होता तो पाहून नाही कोण म्हणणार?

मी बरोबर गेले होते. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मांडव मागून म्हणत होता, मला वाटलं माझे बाबा परत आले. मग वधूवरांची नावं घेऊन त्यांच्याकडून प्रतिज्ञा म्हणवून घ्यायची वेळ आली. ते पालीत नसतं, ते दर लग्नाला नवं असतं. बाबा वधूकडे वळले. "होते ना." कोणीतरी हसलं. काकांनी कानात नाव सांगितलं. बाबांनी मान हलवली, तयारी केली आणि मोठ्याने म्हणाले, "जनाबाई." ते माझ्या आईचं नाव. वराचे मित्र खिदळले. बाबांनी पुन्हा जोर लावला, पुन्हा "जनाबाई." मागून एकजण ओरडला, "भाऊ, लगन कोनाचं हाये गा? तुमचंच का?" आणि मग ते झालं जे मला आजही लिहवत नाही, पण लिहिते. वराकडचा एक जाडजूड माणूस पुढे आला, बाबांच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि वास घेतला. "पिऊन आला का, पाहून राह्यलो."

ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना मद्य न पिण्याचं शील दिलं, त्याच्या तोंडाचा भर मांडवात वास घेतला.   परत येताना नदीवर डोंग्यात बसले तेव्हा बाबांनी खांद्यावरची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, आणि त्या दिवसापासून विहारात जाणं बंद केलं. घरात कोणी वंदना म्हटली तर उठून सांदवाडीत जात.

वसतिगृहात परतल्यावर मी आमच्या मानसशास्त्राच्या सरांना विचारलं. भीत भीत विचारलं, कारण वर्गात मी कधी तोंड उघडत नसे. त्यांनी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत असं सांगितलं. बाबांना घेऊन मी आणि ताई गेलो. मॅडमनी टेबलावर किल्ली ठेवली. बाबांनी ती उचलून हवेत फिरवून दाखवली, पण नाव येईना. कंगवा ठेवला, केसांवरून फिरवला, नाव येईना. "एक, दोन म्हणा," म्हणाल्या, तर बाबा घडाघडा पुढे गेले. मॅडम आमच्याकडे वळल्या. "हे बघा, यांना सगळं कळतं. पाठ केलेलं, गायलेलं, मोजलेलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. आपण आत्ता बोलतोय तसं, दर वेळी नवं जुळवायचं बोलणं दुसऱ्या वाटेनं. ती वाट मार लागून बिघडली आहे. सोंग नाही हे."

ताई म्हणाली, "अन दारू?"

मॅडमना कळलं नाही. मी सांगितलं. त्या बाबांकडे पाहून म्हणाल्या, "काका, तुमची यात काही चूक नाही."  त्या एका वाक्यासाठी नागपूरला गेलो असतो तरी फेरी वाया गेली नसती. त्याला अफेझिया म्हणतात हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. तेव्हा त्यांनी काही नाव सांगितलं असेल तर माझ्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते असं: शब्द त्यांच्या तोंडात कोंबू नका, थांबा. एका वेळी एकच गोष्ट विचारा. आणि त्यांना येणाऱ्या चालीत लहान लहान वाक्यं बसवा, आधी सोबत म्हणा, मग तुमचा आवाज हळूहळू कमी करा.

बाबांना येणारी चाल म्हणजे वंदनेची. आणि ती तर त्यांनी सोडलेली.

सुरुवात आईने केली. भात वाढून ताट पुढे ठेवलं आणि बाबांच्याच मांडवातल्या थाटात म्हणाली, "उपस्थितांनी माझ्या मागून म्हणा. व—रन वा—ढ." बाबांनी शेजारचं वरणाचं भांडं भिरकावलं. वरण भिंतीवर. जन्मभर ज्याच्या मागून लोकांनी म्हटलं त्याला बायकोने मागून म्हणायला लावायचं! आई घाबरली नाही. भिंत सारवली आणि संध्याकाळी पुन्हा तेच. "फेका. पन आता डाळ संपली हाये, उद्या नुसता भात फेकाले भेटन." बाबा रागाने पाहत राहिले, आणि मग, मला वाटतं हसू दाबता दाबताच, त्यांच्या तोंडून चालीत निघालं, "वा—ढ."

त्यानंतर आमचं घर चालीत बोलायला लागलं. मी सुटीत आले की ताटीच्या बाहेरूनच ऐकू येई. "बक—री सो—ड." "पा—नी आ—न." आई चालीत विचारी, ताई चालीत उत्तर देई, बाबा मागून म्हणत, मग सोबत, मग एकटे. कौसल्याबाई म्हणे, "याहिच्या घरी भाजीचीबी वंदना होते, बाप्पा!" पोरंटोरं रस्त्यावरून आमची नक्कल करत जात. आम्हीही हसायचो. खरं सांगते, बी.ए.च्या पुस्तकांनी भरलेली ती वर्षं आठवली की पुस्तकं आठवत नाहीत. चुलीवर वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी रटरटते आहे, आणि आई, जिने कधी पाटी हातात धरली नाही, ती गात गात तांदूळ संपल्याचं सांगते आहे, ते आठवतं. हळूहळू चाल गळत गेली आणि शब्द उरले. तुटक, मध्ये मोठे मोठे खंड, पण शब्द. पुढच्या बुद्धपौर्णिमेला बाबा आपण होऊन विहाराकडे निघाले. आई मागोमाग त्यांची चप्पल घेऊन धावली.

ताईची सोयरीक गडचिरोलीकडे जुळली. प्रकाश, आश्रमशाळेत शिपाई, शांत मुलगा. त्याचे वडील चहाला बसले असताना म्हणाले, "लग्न लावाले आमच्याकडचा मानूस आनू. तुमच्या भाऊचं... नदीपलीकडचं आमच्या कानावर आलं हाये." बाबा खाली पाहू लागले. आई काही म्हणणार, तेवढ्यात ताई कप गोळा करता करता थांबली.

"मामाजी, माहं लगन माहा बाप लावन."

"बाई, मी वाईट नाई म्हनत. पन मांडवात अडकले तं?"

"अडकले तं थांबू."

"थांबू? अन आमची शेवटची बस?"

"बस गेली तं राहा इथीच. पाहुन्याले भात घालाले आमी का नाई म्हनून राह्यलो?"

म्हातारा हसला. "पोरगी तिखट हाये गा," असं बाबांना म्हणाला. बाबांनी वेळ घेऊन उत्तर दिलं, "मायवर... गेली." आणि सोयरीक पक्की झाली.

मग तयारी. प्रकाश, त्याच्या आईवडिलांची नावं, त्यांचं गाव, प्रतिज्ञेची वाक्यं, एकेक तुकडा बाबा दिवसभर म्हणत. छपरावर चढणं कायमचं सुटलं होतं. ओट्यावर डाव्या हाताने दोर वळत ते म्हणत बसत. प्रकाशचं नाव इतक्यांदा घेतलं की बकरीचं नाव प्रकाश ठेवा, असं ताई म्हणाली. एक नाव मात्र आम्ही एकदाही घोकून घेतलं नाही. ते घरात रोज येत होतं, सहज येत होतं, त्याची तयारी कशाला करायची?

मांडव शाळेपुढच्या कडुलिंबाखाली. भर दुपार, सगळं गाव. नदीपलीकडची माणसंही आली होती, काही प्रेमाने, काही बघायला. बाबांनी त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं, मांडव मागून म्हणाला. वराकडे वळले. "प्र...काश." आईवडिलांची नावं, गाव, सगळं आलं, तुटक पण नीट. मी श्वास सोडला. बाबा ताईकडे वळले आणि थांबले.

मी त्यांचे ओठ पाहत होते. काही येत नव्हतं. ताई खाली मान घालून उभी होती, मग तिने मान वर केली. मांडवात कुजबुज झाली, "सुमन, सुमन", चारी बाजूंनी. काका पुढे झाले, त्यांच्या कानाशी वाकले. आई बायकांमधून ताडकन उठली. "चूप राहा सारे! धनराजभाऊ, मागं या. कोनी सांगू नोका त्याहिले."

 बाबांनी जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या, आणि कितीतरी महिन्यांत न आलेले शब्द आले. "होते ना." मागे कोणीतरी फस्सकन हसलं. मला वाटलं, संपलं. ताईचा सासरा पुढे सरकला.

बाबांनी तोंड मिटलं. घाम पुसला, डाव्या हाताने. मग ताईच्या डोक्यावर तोच हात ठेवला आणि मांडवाकडे पाहून बोलले. न घोकलेलं, न ठरवलेलं, चाल नसलेलं.

"हे... माही... पोरगी." थांबले. "नाव... तुमाले... मालूम हाये. तुमी... म्हना. मी... मागून म्हनतो."

 मग सगळा मांडव एका आवाजात म्हणाला, "सुमन!" आणि बाबा मागून म्हणाले, "सुमन." ताई हसत होती आणि तोंड भिजलं होतं. सासऱ्याने मोठ्याने "वा भाऊ!" म्हटलं. बाबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, अगदी जुन्या रुबाबात, आणि प्रतिज्ञा म्हणवून घ्यायला लागले. त्यात वेळ लागला. पंगती उशिरा बसल्या, भात निवला, शेवटची बस खरोखर निघून गेली आणि वऱ्हाड आमच्या मोहल्ल्यात मुक्कामाला राहिलं. घरोघरी पाहुणे वाटून घेतले.

बाबांचं बोलणं पूर्वीसारखं कधी झालं नाही, हे सांगायला पाहिजे. लोक मला विचारतात, पूर्ण बरे झाले का? नाही झाले. ताई सासरी गेल्यावर काही दिवसांनी ओट्यावरून सहज हाक आली, "सुमन, पानी आन व." न अडखळता, एका दमात. आई आणि मी दोघी उठलो. पाणी मी दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लोटा घेतला आणि बराच वेळ तसाच हातात धरून ठेवला.

मी त्या वर्षी बी.ए. झाले, आमच्या मोहल्ल्यातली पहिली. बाबांनी त्यानंतरही लग्नं लावली, माझंसुद्धा. पण कोणी विचारलं की आमच्या घरात सगळ्यात मोठं काम कोणतं झालं, तर मी माझी पदवी सांगत नाही. माझ्या बहिणीचं लग्न माझ्या वडिलांनी लावलं, पहिल्या गाथेपासून शेवटच्या प्रतिज्ञेपर्यंत, स्वतःच्या तोंडाने.